फाईट तिची, कात्री कुणाची

पिक्चरमध्ये बाईनं एखाद्याला हाणलं की माझं लक्ष आधी तिच्या हाताकडं जात नाही, कट कुठं पडला तिकडं जातं. सवयच लागलीये, काय करणार, धंदाच एडिटिंगचा. लग्नं, डोहाळजेवणं, मंडळांच्या मिरवणुका, मधेच एखाद्या साडीच्या दुकानाचं रील, असलं सगळं मी कापत बसते, आणि कापून कापून एक गोष्ट डोक्यात पक्की झालीये की पडद्यावरची बाई किती ताकदीची वाटणार हे तिच्या दंडांवर कमी आणि एडिटिंग टेबलावर जास्त ठरतं. कॅमेरा तिला पायापासून डोक्यापर्यंत दाखवतोय का नुसते केस आणि डोळे, ठोसा लागायच्या आधी कट मारलाय का लागल्यावर, आवाज जड टाकलाय का हलका. डायलॉगमध्ये तिला वाघीण म्हणा नाहीतर रणरागिणी म्हणा, शॉट भित्रा असला की बाईपण भित्रीच वाटते.

मुळात फाईट म्हणजे सगळी नजरबंदी. कोण कुणाला खरं मारत नाही, हात गालापासून वीतभर लांबूनच जातो, फक्त कॅमेरा अशा जागी ठेवतात की हात आणि गाल एका रेषेत यावेत, मधली मोकळी जागा दिसूच नये, आणि लांबची लेन्स लावली की ती जागा अजूनच चपटी होते. समोरच्यानं टायमिंगवर मान फिरवायची, नंतर धाडकन आवाज टाकायचा, झालं. हे हिरोलाही तेवढंच लागू आहे. पण हिरॉइनच्या फाईटला डबलची, म्हणजे तिच्या जागी स्टंट करणाऱ्या बदली माणसाची, अडचण जास्त आडवी येते, कारण बऱ्याचदा तिला ट्रेनिंगला वेळच दिलेला नसतो. डबल उभी केली की चेहरा लपवायला लागतो, म्हणजे पाठमोरा शॉट, केस मोकळे, आणि चेहरा वळायच्या आत कट. मग हिरॉइनचा क्लोजअप, डोळे वटारलेले. मग परत पाठमोरं. अशी फाईट बघताना मारणारी वेगळी आणि चिडणारी वेगळी असं वाटत राहतं, कारण ते खरंच तसं असतं. कितीतरी वर्षं तर बायकांचे डबल म्हणून विग घातलेले पुरुषच उभे करायचे, मग खांदे आणि पोटऱ्या झाकायला शॉट अजून लहान करायचा, म्हणजे बाईची फाईट तुकडे तुकडे वाटते ह्याचं कारण नेहमी डायरेक्टरची आवडच असते असं नाही, कधी कधी नुसता विग असतो.

शोलेतला बसंतीचा टांगा आठवा. १९७५ चा पिक्चर. त्या पाठलागात हेमा मालिनीच्या जागी रेश्मा पठाण होती, आपल्याकडची पहिली स्टंटवुमन म्हणून तिचं नाव घेतात. धन्नोला पळवणारी बाई म्हणून आपल्या डोक्यात जे चित्र बसलंय ते दोघींचं मिळून आहे, आणि पोस्टरवर एकच.

पण ह्याच्याही आधी, बोलपट येऊन चारच वर्षं झालेली तेव्हा, म्हणजे १९३५ ला, हंटरवाली आला होता. ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स, सर्कशीत काम करून आलेली, वाडिया बंधूंच्या कंपनीत फिअरलेस नादिया झाली. पुढच्याच वर्षीच्या मिस फ्रंटियर मेलमध्ये ती ट्रेनच्या टपावर फाईट करते. त्याचे तुकडे युट्यूबवर सापडतात, बघाच. काहीतरी वेगळं बघतोय असं वाटायला लागतं आणि मग कळतं की वेगळं काय आहे, कॅमेरा लांब आहे आणि बाई पूर्ण दिसतीये. ती माणूस उचलते म्हणजे खरोखर उचलते, धडधाकट माणूस, खांद्यावर. त्या लोकांना लपवायला काही नव्हतं, उलट दाखवायला तेच होतं, पब्लिक त्याचेच पैसे देत होतं, मग उगं कट कशाला मारतील. त्याच १९३६ मध्ये आपल्या प्रभातच्या अमर ज्योतीत शांतारामबापूंनी दुर्गा खोटेंना समुद्री डाकूंची राणी केलेलं, सौदामिनी. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी आपल्याकडं बाई ट्रेनवर पण होती आणि जहाजावर पण होती. नंतर कुठं गेली ते आपण सगळ्यांनी बघितलंय, शेवटच्या रीळात खांबाला बांधलेली होती.

ट्रेनवरून मिशेल योह आठवली. १९९२ चा हाँगकाँगचा पोलीस स्टोरी ३, त्यात ती चालत्या ट्रेनवर मोटरसायकल उडवून उतरते आणि तो स्टंट तिनं स्वतः केलाय. आधी ती बॅलेची विद्यार्थिनी, बाईक चालवायला त्या पिक्चरसाठी शिकली. तो शॉट लांबून घेतलाय, गाडी, रूळ, डब्यांची रांग, सगळं एका फ्रेममध्ये. हाँगकाँगवाल्यांची अजून एक ट्रिक मला लई आवडते. ते ठोसा लागताना कट मारतात पण दुसरा शॉट दोन-तीन फ्रेम मागून सुरू करतात, म्हणजे तोच ठोसा किंचित दोनदा दिसतो. डोळ्याला कळत नाही पण अंगाला कळतं. मी हे एकदा लग्नात नारळ फोडायच्या शॉटला करून बघितलं आणि खरंच नारळ जास्त जोरात फुटल्यासारखा वाटला, नवरदेवाच्या मामांनी मला विचारलं आवाज वाढवलाय का.

आता शिवजयंतीचं सांगते, कारण हे सगळं मला पिक्चरपेक्षा तिथं नीट कळलं.

आमच्या इथं शिवजयंतीची मिरवणूक म्हणजे काय असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. एका मंडळाचं शूट माझ्याकडं होतं. त्यांच्यात एक चौदा-पंधरा वर्षांची पोरगी होती लाठी फिरवणारी. दोन वेण्या, चपला बाजूला काढून ठेवलेल्या, तापलेल्या डांबरावर अनवाणी. सुरू करायच्या आधी तिनं तळहात ड्रेसला पुसले आणि लाठीचा मध्य बोटांवर तोलून बघितला, कुठं धरायची ते. मग फिरवायला लागली. काठी दिसत नव्हती, नुसता गोल दिसत होता, आणि तो भुंग भुंग आवाज, आणि पुढच्या रांगेतली माणसं कुणी न सांगता एक पाऊल मागं सरकलेली. पाठीमागनं हात बदलताना ती डाव्या टाचेवर गर्रकन फिरायची आणि काठीचा वेग जराही कमी व्हायचा नाही.

मंडळाच्या अध्यक्षांना काय पाहिजे होतं, तर स्लो मोशन. मी सेकंदाला ५० फ्रेमवर शूट केलेलं, ते २५ वर टाकलं की स्पीड बरोब्बर अर्धा. मग डोळ्यांचा क्लोजअप, हातातल्या कड्याचा क्लोजअप, वेणी उडताना, भगवा फडकताना, वर ढोल आणि डरकाळी. दिसायला एकदम भारी झालं, खोटं कशाला बोलू. पण चार वेळा बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की ह्यात पोरीला लाठी येते का नाही हे कळतच नाहीये. कुठलीपण पोरगी धरून आणली असती, केस मोकळे सोडले असते, हातात काठी दिली असती तरी हाच व्हिडिओ झाला असता. शाम्पूची जाहिरात आणि हे, फरक एवढाच की बाटलीच्या जागी काठी. म्हणून मी दुसरं व्हर्जन केलं, एकच लांबचा शॉट, एकही कट नाही, कॅमेऱ्यात आलेला आवाज तसाच ठेवला. अध्यक्षांनी ते पाहिलं आणि म्हणले, म्याडम, ह्यात इफेक्टच नाहीत की ओ. पहिलंच गेलं इन्स्टाला, लाईक पण भरपूर आले. पोरीचा मात्र चार दिवसांनी फोन. ताई, ते कापलेलं नको, सगळं सलग आहे का तुमच्याकडं, वस्ताद म्हणतात माझा डावा पाय चुकतोय, तो बघायचाय.

तिला तिचा पाय बघायचा होता आणि आम्ही वेणी दाखवत होतो.

लॉरा मल्व्ही नावाच्या बाईंनी १९७५ मध्ये एक लेख लिहिला, सिनेमात कॅमेरा पुरुषाच्या नजरेनं बाईकडं बघतो, ती बघायची वस्तू होते आणि गोष्ट पुढं नेतो तो पुरुष, असं काहीसं, फिल्मच्या कोर्सेसमध्ये अजून तोच शिकवतात. ते बरोबरच आहे. फक्त ॲक्शनमध्ये ह्याला एक मजेशीर फाटा फुटतो. टर्मिनेटर २ मध्ये, १९९१, सारा कॉनर पहिल्यांदा दिसते ती हॉस्पिटलच्या कोठडीत उभ्या केलेल्या पलंगाला लटकून पुलअप्स मारताना. पाठ, दंड, घाम. म्हणजे इथंही कॅमेरा बाईचं शरीर तुकड्यातच बघतोय, पण ते तुकडे काम करतायत. लिंडा हॅमिल्टननं त्यासाठी कित्येक महिने ट्रेनिंग घेतलेलं आणि ते दिसतं, तिनं एक शब्द बोलायच्या आधीच पिक्चरनं सांगून टाकलं की ही पहिल्या भागातली घाबरणारी पोरगी राहिली नाही. क्लोजअप वाईट असं माझं म्हणणं नाहीच. क्लोजअप कशाचा, हे बघा.

आपल्याकडं मात्र बाईला हाणामारी करायची परमिशन मिळायला आधी अंगात देवी यावी लागते. शंख वाजतो, लाल लाईट पडतो, अंबाडा सुटतो, कुंकू कपाळभर, मागं संस्कृत श्लोक, आणि मग ती त्रिशूळ नाहीतर विळा उचलते. हिरोला असलं काही लागत नाही, त्याचा शर्ट फाटला तरी पुरतं. आता आम्हा सोलापूरकरांना देवीचं काय कौतुक सांगावं, नवरात्रात रूपाभवानीला रांगा लावणारी आणि कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणारी माणसं आम्ही. पण म्हणूनच हे खटकतं. देवी अंगात आली की मारलं देवीनं, बाईनं कुठं मारलं? ती बिचारी शेवटी हातातलं टाकून रडायलाच लागते. रेखाचा खून भरी माँग, १९८८, मला त्यातल्या त्यात ह्यासाठी आवडतो की तिथं बदला घेणारी बाई प्लॅन करून घेते, डोक्यानं. आणि २०१४ च्या मर्दानीत राणी मुखर्जीसाठी क्राव्ह मागा वापरलंय, इस्रायलचा सेल्फ डिफेन्सचा प्रकार, त्यात जवळून, कोपर-गुडघ्यानं मारायचं असतं. छोट्या चणीची बाई मोठ्या पुरुषाला कशी मारेल ह्याचं उत्तर तिथं फाईट डायरेक्शननं दिलंय, श्लोकानं दिलेलं नाही. (नाव मात्र मर्दानीच ठेवलं, असो.)

आता मॅड मॅक्स फ्युरी रोड. २०१५. ह्याच्यावर मी तासभर बोलू शकते, घरात कोणी ऐकत नाही म्हणून इथं.

तुम्ही म्हणाल मगापासून ही लांब शॉट लांब शॉट करतीये आणि ह्या पिक्चरमध्ये तर साधारण दोन तासात २७०० च्या आसपास शॉट आहेत, म्हणजे दर दोन-अडीच सेकंदाला एक कट. बरोबर आहे. तरीपण त्यातली फ्युरिओसा, म्हणजे चार्लीझ थेरॉन, मला सगळ्यात खरी वाटते, आणि का वाटते हे शोधायला मी तो पिक्चर आवाज बंद करून बघितला. त्यांनी काय केलंय, तर महत्त्वाची गोष्ट सतत फ्रेमच्या मधोमध ठेवलीये. कॅमेरामन जॉन सील, डायरेक्टर जॉर्ज मिलरनं सांगितलेलंच तसं. त्यामुळं कट झाला तरी डोळ्याला शोधायला लागत नाही, जिथं आधी तिचं नाक होतं तिथंच पुढच्या शॉटमध्ये बंदुकीची नळी. लहान शॉटमध्येही एक काम सुरू होऊन संपताना दिसतं. आमच्या शिवजयंतीच्या व्हिडिओत तेच नव्हतं, तिथं काठी वर जायची आणि खाली कधी आली ते कुणालाच कळायचं नाही.

एडिटर मार्गारेट सिक्सेल, मिलरची बायको. तिनं त्याआधी ॲक्शन पिक्चर केलेलाच नव्हता. एखाद्या पुरुषानं कापला असता तर बाकीच्या ॲक्शन पिक्चरसारखाच झाला असता, अशा अर्थाचं मिलर म्हणालाय. ४८० तासांचं फुटेज होतं तिच्यासमोर. मला लग्नाचं दहा तासांचं आलं तरी डोकं दुखतं. ऑस्कर मिळालं तिला एडिटिंगचं, आणि माझ्यासारख्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल ते लिहीत बसत नाही.

त्यातला रायफलचा सीन जवळून बघा. रात्र आहे, चिखलात गाडी अडकलीये, मागनं सर्चलाईट लावलेली गाडी येतीये. हिरो मॅक्स गोळ्या मारतो, नेम चुकतो. शेवटची एकच गोळी राहते. फ्युरिओसा त्याच्या मागं येऊन उभी राहते, तो मान वळवून बघतो आणि काही न बोलता रायफल तिच्याकडं देतो. ती त्याच्या खांद्यावर रायफल टेकवते, त्याला श्वास रोखायला सांगते, आणि मारते, आणि लाईट फुटतो. एवढंच. श्लोक नाही, वारा नाही, केस उडायचा प्रश्न नाही कारण केसच नाहीत. तिचा नेम चांगला आहे हे दाखवायला हिरो मूर्ख करायला लागला नाही, तो तिच्या रायफलचा स्टँड झाला आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटलेला दिसत नाही. मजा म्हणजे ती रात्र रात्रीची नाहीच, दिवसा जास्त उजेडात शूट करून नंतर निळी केलीये, म्हणून तिचा चेहरा इतका स्वच्छ दिसतो. आम्ही वरातीचं शूट रात्री करतो आणि चेहरे काळे येतात म्हणून शिव्या खातो ते वेगळं.

त्याच चार्लीझ थेरॉनचा ॲटॉमिक ब्लाँड, २०१७, उलट्या पद्धतीनं केलाय. जिन्यातली फाईट जवळपास दहा मिनिटं सलग, एकच शॉट असल्यासारखी, आत कट लपवलेत पण सहज सापडत नाहीत. डायरेक्टर स्वतः आधी स्टंटमन. तिथं ती दमते. धाप लागते, पाय लटपटतात, मार खाल्लेला माणूस परत उठतो आणि तिला परत मारायला लागतं. बाईला दमताना दाखवायला भल्याभल्यांना जमत नाही, मेकअप हलतो ना.

आणि आता घरचं. सैराट. नागराज मंजुळे आपल्या करमाळा तालुक्यातले, रिंकू राजगुरू अकलूजची, म्हणजे जिल्ह्याचाच पिक्चर. २०१६ ला लागला तेव्हा लोक थिएटरात नाचत होते हे सगळ्यांना आठवतं. आर्ची काय ॲक्शन हिरो नाही, मान्य. पण पहिल्या अर्ध्या भागात तिला जे काही दिलंय ते सगळं हिरोचं सामान आहे. बुलेट, ट्रॅक्टर, स्लो मोशन, खालून घेतलेला शॉट, मागं हॉलिवूडला जाऊन रेकॉर्ड केलेला अजय-अतुलचा ऑर्केस्ट्रा. बघणारी पण तीच. परश्या लाजतो आणि ती रोखून बघते, कॅमेरा तिच्या नजरेनं त्याच्याकडं बघतो. आमच्याकडं नंतर दोन-तीन वर्षं प्रीवेडिंगला पोरी बुलेटच मागायच्या, नवऱ्याला मागं बसवून.

मग दोघं हैदराबादला जातात आणि पिक्चर हे सगळं तिच्याकडनं एकेक करून काढून घेतो. गाणी आधीच संपलेली. स्लो मोशन नाही. कॅमेरा एका लहान खोलीत, पत्र्याखाली, तिच्याएवढ्याच उंचीवर. तीच पोरगी, तोच आवाज, तीच चाल, पण आता ती हिरो दिसत नाही, कामाला जाणारी एक बाई दिसते. बऱ्याच जणांना दुसरा अर्धा भाग संथ वाटला, बोर झालं म्हणाले. मला तोच जास्त आवडतो, कारण खरं धाडस ती तिथं करते, तेलुगू शिकते, नोकरी धरते, घर उभं करते, आणि ते सगळं बिनम्युझिकचं. शेवटी तर आवाजच काढून घेतलाय. मारामारी दाखवलीच नाही. त्या बाबतीत मंजुळेंना मानलं, कारण तिथं एक जरी ठोसा दाखवला असता तरी लोकांनी त्यातपण फाईट बघितली असती.

तेलुगूवरून शेवटचं. सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या, घरांमध्ये विजयशांती म्हणजे काय होती ते विचारा कुणालाही. १९९० चा कर्तव्यम्, त्यात ती पोलीस ऑफिसर, नॅशनल अवॉर्ड मिळालेलं तिला, नंतर हिंदीत तेजस्विनी पण तिनंच केला. दाजी पेठेतल्या माझ्या मैत्रिणीची आई अजून तिचं नाव निघालं की शिलाई मशीन थांबवते. मी काकूंना विचारलं, काय आवडायचं हो तुम्हाला तिच्यात एवढं? काकू म्हणल्या, ती मारायला लागली की मधी कोण हिरो यायचा नाही गं. मी इतकी पानं लिहून जे सांगतेय ते काकूंनी ब्लाऊजला हुक लावता लावता सांगितलं. आता मला कर्तव्यम्‌ची एकेक फाईट शॉट मोजत बघायचीये, पण मला मिळालेली प्रिंट इतकी पुसट आहे की कोण कुणाला मारतंय तेच दिसत नाही. कुणाकडं चांगली असेल तर कळवा, पेनड्राइव्ह घेऊन मी येते.